माझा टीव्ही आत गेला

सौंसरच्या सरकारी दवाखान्यातून मी रिटायर झाले, तेव्हा स्टाफने मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ दिलं. पांढुर्ण्याच्या बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसले, तर बाजूच्या बाईला पाय हलवता येईना. ती सारखी माझ्याकडे रागाने पाहत होती आणि मी घड्याळाकडे. इतकी वर्षं एका वॉर्डात काम केलं, एका डब्यातलं खाल्लं, पण माझी आवड काय आहे हे या लोकांना माहीत नव्हतं. एकदा खिळ्याला टांगली की तिथेच राहणारी वस्तू मला कधीच आवडली नाही. मला आवडायच्या त्या पिशवीत टाकून नेता येणाऱ्या, सेल घातले की कुठेही चालणाऱ्या वस्तू.

ही आवड नोकरीनेच लावली. सुरुवातीची वर्षं मी मोहगाव आणि बोरगावकडच्या खेड्यांत बाळंतपणं केली. घरात कंदील असायचा, तोही काजळी धरलेला. लांब नळीची टॉर्च माझ्या बॅगेत कायम असे आणि तिच्यावर माझा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास होता. मग ट्रान्झिस्टर घेतला. त्याला भोकाभोकांचं कातडी कव्हर आणि खांद्याला अडकवायचा पट्टा होता. बैलगाडीतून जाताना तो मांडीवर वाजायचा. गाडीवान गाणं संपेपर्यंत बैलांना हाकही देत नसे.

रिटायर झाल्यावर पांढुर्ण्याच्या घरात मी एकटी. नवरा रेल्वेत होता, तो नोकरीत असतानाच गेला. मुलगा दूर कारखान्याच्या गावी बायकोसोबत राहायचा. पेन्शन येत होती आणि माझ्यावर कोणाची जबाबदारी नव्हती. तेव्हा मी मनासारख्या वस्तू घेऊ लागले. साबणाच्या डबीएवढा रेडिओ घेतला, तो ब्लाउजच्या वर खोचून अंगण झाडता यायचं. आकडे दिसणारं घड्याळ घेतलं. बटन दाबलं की त्यात लाल आकडे पेटायचे. नागपूरला सीताबर्डीवरून कॅसेट वाजवायचा लहान टेपरेकॉर्डर आणला. सेलवर चालणारा हातातला पंखा आणला, त्याची पाती मऊ होती, बोट लागलं तरी कापत नसे.

सकाळी चहा झाला की मी खाटेवर फडकं पसरायची आणि या सगळ्या वस्तू मांडायची. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. दवाखान्यातला चिमटा माझ्याकडे राहिला होता, त्याने बोळा धरला की कोपऱ्यातली घाणही निघायची. उतरलेले सेल काढून उन्हात ठेवायची. उन्हात तापले की ते आणखी थोडे दिवस चालत. दुपारी टेपवर गाणी ऐकत पडायचं. संध्याकाळी लहान रेडिओ पिशवीत घालून स्टेशनपर्यंत चालत जायचं, बाकावर बसून बातम्या ऐकायच्या आणि परत यायचं.

लोक हसायचे. गल्लीच्या तोंडाशी पानठेला होता, तिथले रिकामे लोक मला ऐकू जाईल असं बोलत.

"पाह्य नं, सिस्टरबाई रेडिओ फिरवाले निंगाली."

"म्हातारपणी हौस आली बापा."

हेच एखाद्या रिटायर गुरुजीने केलं असतं तर त्याला शौकीन माणूस म्हटलं असतं. मुलगाही तसाच. सुटीत आला की खाटेवरचा पसारा पाहून म्हणायचा, "आई, हे काय खेळणे घेऊन बसली? तुझी सून हसते मले." सून हसायची की नाही मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी ती टेपरेकॉर्डर मागून घ्यायची आणि परत देताना तिच्या जिवावर यायचं.

आमचं घर ज्या गल्लीत होतं तिथे बहुतेक व्यापाऱ्यांची घरं. किराणा, कापड, संत्र्याचा धंदा. माझ्या नवऱ्याने ते घर बदली होऊन जाणाऱ्या एका रेल्वे बाबूकडून घेतलं होतं. व्यवहार होईपर्यंत गल्लीत कोणाला पत्ता नव्हता. आम्ही सामान आणलं, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला आणि मग सगळ्यांना कळलं. कोणी भांडायला आलं नाही. बाजूच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याने फक्त दोन घरांमधली अंगणाची भिंत वाढवून घेतली. गवंडी दिवसभर काम करत होता आणि माझा नवरा आपल्या अंगणात बसून ते पाहत होता. मी म्हटलं, काही बोला. तो म्हणाला, "त्याच्या विटा, त्याची भिंत. काय बोलू?"

त्याच व्यापाऱ्याचं डोकं एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत फुटलं, नदीच्या दोन काठांवरून पांढुर्ण्याची आणि सावरगावची माणसं एकमेकांवर गोटे फेकतात त्यात. त्या दिवशी पांढुर्ण्यात जास्तीचा स्टाफ लागायचा, म्हणून सौंसरहून आम्हाला बोलावत. सावरगावच्या बाजूने आलेला गोटा त्याला कानाच्या वर लागला होता. मी रक्त पुसलं, केस कापले, टाके घालताना डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्याने एकदा डोळे उघडून पाहिलं, मला ओळखलं आणि म्हणाला, "सिस्टर, पाणी द्या." मी पाणी दिलं. तो प्याला.

त्यानंतर त्याची बायको माझ्याशी बोलू लागली. माझ्याच वयाची, गोरी, ठेंगणी बाई. मी तिला वहिनी म्हणायची. भिंत उंच केल्यामुळे तिचं डोकं वर येत नसे, म्हणून ती लोखंडी घमेलं पालथं घालून त्यावर उभी राहायची. मला भिंतीवरून फक्त तिचं कपाळ, डोळे आणि नाक दिसायचं. आमची सगळी ओळख एवढ्या चेहऱ्याशी.

"काय करून राहिल्या सिस्टरबाई?"

"ऐकून राहिली. या, लावते मोठ्याने."

मग मी रेडिओ भिंतीवर ठेवायची. आम्ही दोघी दोन बाजूंनी ऐकायचो. जुनी गाणी लागली की ती डोळे मिटून घ्यायची. तिच्या घरी मोठा रेडिओ होता, पण तो नवऱ्याच्या बैठकीत. नवरा आणि मुलगा भाव आणि बातम्या ऐकायचे. गाणं लावायला तिने कधी बटनाला हात लावला नव्हता. माझ्या डबीएवढ्या रेडिओचं बटन मात्र ती सराईतपणे फिरवायची. सुई कुठे आणली म्हणजे कोणतं केंद्र लागतं, हे तिला माझ्याइतकं कळायचं. एक दिवस मी पंखा दिला तर तो तोंडासमोर धरून ती लहान मुलीसारखी हसली. म्हणाली, "सिस्टरबाई, तुमचं मस्त आहे. कोणाले विचारा लागत नाही."

मला ती बाई आवडायची. हे लिहिताना माझा हात अडखळतो, पण आवडायची हे खरं आहे. दुपारी तिचा आवाज आला नाही तर मला चुकल्यासारखं वाटायचं.

संत्र्याच्या हंगामात ती भिंतीवरून पदरभर संत्री द्यायची. मी पुरणपोळी केली, पाटोडी केली, तर वाटी भिंतीवर ठेवायची. त्या दिवशी तिचा उपास असे. कधी सोमवार, कधी गुरुवार, कधी चतुर्थी. ज्या वारी कोणताच उपास नसतो त्या वारी तिची दाढ दुखायची. मी वाटी परत घ्यायची. वर्षं गेली तसं मीच वाटी ठेवणं बंद केलं आणि तिनेही त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

टीव्ही माझ्याकडे आला तो असा. सौंसरच्या दवाखान्यात केरळची एक सिस्टर होती. तिचा भाऊ आखातात कामाला. त्याने तिला एक लहानसा टीव्ही आणून दिला होता, काळा-पांढरा, वर धरायला मूठ आणि मागे बाहेर ओढायची दांडी. पोटात मोठे सेल भरले की लाईनची गरज नाही. नोकरी सोडून ती गावाकडे निघाली, तेव्हा तिने तो मला विकला. मी तो बसमधून आणला. या खेपेला बाजूच्या बाईला त्रास झाला नाही. टीव्ही माझ्या मांडीवर मांजरासारखा बसला होता.

तोपर्यंत गल्लीतल्या घरांवर उंच अँटिने उभे राहिले होते. नागपूरचं चित्र पकडायचं तर बांबूला बांबू जोडून वर जावं लागायचं. मीही एका मिस्त्रीकडून घरावर अँटिना बसवून घेतला. वारं सुटलं की चित्रात पाऊस पडायचा. तरी मी जे लागेल ते पाहायची. शेतकऱ्यांचा कार्यक्रम पाहायची, कुस्ती पाहायची, ज्या भाषा कळत नाहीत त्यातलं नाटकही पाहायची. वहिनीच्या घरी तर केव्हाच मोठा टीव्ही आला होता, लाकडी पेटीचा, समोर सरकणारी दारं असलेला. माझा टीव्ही मी भिंतीवर ठेवून दाखवला तेव्हा तिने त्याला चारही बाजूंनी पाहिलं.

"एवढासा? आन् यात माणसं पुरे दिसते?"

"पुरे दिसते. डोकंही दिसते, पायही दिसते."

"माझे तर तुमाले पायच दिसत नाही," ती म्हणाली आणि घमेल्यावर उभी राहून खूप हसली.

पुढे रविवारी सकाळी देवांची मालिका सुरू झाली. त्या वेळी गल्लीत कुत्रंसुद्धा फिरताना दिसायचं नाही. वहिनीच्या घरात ओळखीपाळखीची माणसं जमत. टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत, मग नारळ फुटायचा. हे सगळं मला आवाजावरून कळायचं. मी माझ्या घरात माझ्या टीव्हीवर तीच मालिका पाहायची. माझा त्या देवांशी संबंध उरला नव्हता, लग्नाच्या आधीच आमच्या घरातून ते गेले होते. पण गोष्ट म्हणून मी पाहायची आणि सोमवारी भिंतीवर वहिनीशी मालिकेबद्दल बोलायची. तिला सासू-सुनांचा भाग आवडायचा, मला लढाईचा.

एका रविवारी मालिका सुरू होण्याच्या जरा आधी लाईन गेली. शेजारच्या घरातून मोठा आवाज झाला, सगळ्यांनी एकदम "अरे!" म्हटल्यासारखा. मी सेल घातले आणि टीव्ही लावला. थोड्या वेळात भिंतीवरून वहिनीचं कपाळ वर आलं.

"सिस्टरबाई, तुमचा चालू आहे?"

"हाव, सेलवर आहे."

"मंग आना नं इकडे. पावने आलेत, समदे खोळंबून राहिले. आमचा अँटिना लावून घेऊ तुमच्या टीव्हीले."

त्या गल्लीत इतकी वर्षं राहून मला त्या घरात कोणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली होती, ती नोकराच्या हाती. मी मिनिटभर उभी राहिले. मग टीव्ही बंद केला, धुतलेलं लुगडं नेसले, केसांवरून हात फिरवला आणि मुठीला धरून टीव्ही उचलला. भिंतीवरून देता आला असता. पण मी समोरच्या दाराने गेले. आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यांच्या घराला समोर रुंद ओसरी होती. तिथे चपलांचा ढीग पडलेला. वहिनीचा मुलगा पुढे आला, "द्या" म्हणाला आणि माझ्या हातातून टीव्ही घेतला. त्याच्यामागे मी उंबऱ्याकडे निघाले. वहिनी दारात उभी होती. पहिल्यांदाच मी तिला पुरी पाहत होते, पायात जोडवी, काठापदराची साडी. तिने ओसरीतल्या खुर्चीकडे हात केला.

"बसा सिस्टरबाई, इथं हवा चांगली आहे. आतमधी गर्मी होऊन राहिली."

मी बसले. खुर्ची लोखंडी होती, बाहेर पावसात राहून गंजलेली. तिथून दारातून आतलं अर्धंच दिसत होतं. मुलाने माझा टीव्ही त्यांच्या मोठ्या टीव्हीच्या पेटीवर ठेवला. मागे अँटिन्याची तार जोडली. मला वाटलं आता लावतील. तेवढ्यात वहिनी आतून तांब्याची लहान वाटी घेऊन आली. तिने वाटीत तुळशीचं पान बुडवलं आणि माझ्या टीव्हीवर शिंपडलं. एकदा वरून, एकदा समोरून. वास ओसरीपर्यंत आला. दवाखान्यात सगळे वास ओळखायची सवय झालेली, मला तो ओळखायला वेळ लागला नाही. गोमूत्र होतं.

मग तिने टीव्हीला कुंकू लावलं. कोणीतरी हार घातला. त्या लहानशा टीव्हीला तो हार फार मोठा होत होता, अर्धा पडदा झाकला जाऊ लागला. तो काढून दांडीला अडकवला. मग मुलगा बटन शोधू लागला. त्याला सापडेना. त्याने ओसरीत बसलेल्या मला ओरडून विचारलं, "सिस्टरबाई, कोणतं बटन?"

मी बसल्या जागेवरून सांगितलं, "उजव्या हाताचं. खालचं."

चित्र लागलं. आत सगळ्यांनी हात जोडले. मालिका संपेपर्यंत मी त्या खुर्चीवर बसले. उठून जायला हवं होतं असं आता कोणी म्हणेल. उठले असते तर टीव्ही तसाच आत ठेवून जावा लागला असता, किंवा चालू मालिकेत आत जाऊन तो उचलावा लागला असता. मला दोन्ही जमलं नाही. मी चपलांच्या ढिगाकडे पाहत बसले. आतून आवाज येत होता, शंखाचा, घोड्यांचा. एक बाई बाहेर पाणी प्यायला आली, माझ्याकडे पाहून हसली आणि परत आत गेली.

संपल्यावर वहिनीच्या मुलाने टीव्ही आणून ओसरीच्या पायरीवर ठेवला. हातात दिला नाही. मी वाकून उचलला. वहिनी म्हणाली, "फार उपकार झाले सिस्टरबाई. देवाचं दर्शन झालं सगळ्याले." तिच्या आवाजात खोटं काही नव्हतं. याचाच मला जास्त त्रास झाला.

घरी आल्यावर मी टीव्ही खाटेवर ठेवला आणि स्पिरिट काढलं. कुंकू सहज निघालं. जाळीच्या भोकांत गेलेलं ते पाणी काही निघेना. मी चिमट्याने एकेक भोक पुसत बसले. पुसता पुसता रडायला आलं आणि रडण्याचाही राग आला. आयुष्यभर लोकांचं रक्त, पू, गू, मूत मी या हातांनी काढलं होतं. त्या बाईच्या नवऱ्याचं रक्त माझ्या बांगड्यांवर वाळलं होतं. ते सगळं मी साबणाने धुतलं आणि कधी कोणाला बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी धाकटी बहीण आली. ती नदीकडच्या आमच्या जुन्या वस्तीत राहायची. तिला सांगितलं तर ती चिडली, पण माझ्यावरच.

"ताई, तुले कोणी सांगतलं होतं जायाले? मोठ्या गल्लीत राहाची हौस. तुले वाटलं, टीव्ही नेला का तुलेबी पाटावर बसोतीन?"

 मग तीच म्हणाली, "आमच्याकडं आन टीव्ही. आमच्या बायाइलेबी पाहाचं आहे रविवारचं."

पुढच्या रविवारी लाईन गेली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेली. भिंतीवरून हाक आली तेव्हा मी टीव्ही उपरण्यात बांधून वस्तीकडे निघायच्या तयारीत होते.

"सिस्टरबाई, आनता नं?"

"नाही वहिनी. मी आज बहिणीकडे घेऊन चालली."

"अवो, आमच्याकडं मानसं बसली आहेत."

"तिच्याकडंही बसली आहेत."

तिचे डोळे भिंतीवर तसेच राहिले. मी कडी लावली आणि निघाले. पानठेल्याजवळून जाताना वहिनीचा मुलगा मागून आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एक डबडं काय आनलं, केवढा माज आला." ठेल्यावरचे लोक हसले. मी थांबले नाही. माझ्या हातात ओझं होतं.

वस्तीत बहिणीच्या घरात एवढी माणसं मावणार नव्हती, म्हणून आम्ही टीव्ही विहाराच्या ओट्यावर ठेवायला नेला. पोरांनी बांबूला तारा बांधून अँटिना उभा केला. बायका, म्हातारी माणसं, सगळी सतरंजीवर बसली. मी सेल घालत होते तेवढ्यात वस्तीतले शिकलेले तरुण आले. त्यांच्यातला एक नात्याने माझा भाचा लागायचा. तो अदबीने बोलला.

"मावशी, टीव्ही लावा, आमचं काही म्हणनं नाही. बातम्या लावा, सिनेमा लावा. पण ही मालिका विहारात नको. ज्या देवांना सोडून आलो तेच इथं आणून बसवायचे का?"

बहीण म्हणाली, "नुसती गोष्ट आहे रे. पूजा करून राहिलो का आम्ही?"

"आज गोष्ट, उद्या हार," तो म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. हार मी पाहून आले होते. पण सतरंजीवर बसलेल्या बायका रागावून उठल्या. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "मंग कायले आनला हिने एवढ्या दूर, दाखवाले?" माझी बहीणही माझ्याकडेच पाहत होती, जणू अडवणारी मीच. मी सेल काढले, टीव्ही परत बांधला. भाचा म्हणाला, "मावशी, मी पोहोचवून देतो." मी नको म्हटलं. भर उन्हात टीव्ही या हातातून त्या हातात घेत मी परत आले. गल्लीत शिरले तेव्हा लाईन आली होती आणि प्रत्येक घरातून त्याच मालिकेचा आवाज येत होता. माझ्या घरी पोहोचेपर्यंत ती संपली.

बरेच दिवस भिंतीवर कोणी आलं नाही. घमेल्याचा आवाजही नाही. मी रेडिओ घरातच लावू लागले. मग एका दुपारी, मी सेल उन्हात मांडत असताना, वहिनी वर आली.

"रागावल्या का सिस्टरबाई?"

मी ठरवलं होतं की कधी विचारायचं नाही. पण तोंडातून निघालंच.

"वहिनी, माझ्या टीव्हीवर तुम्ही काय शिंपडलं होतं?"

तिला बहुधा वाटत होतं की मला दिसलं नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"थे तर देवाचं असते. शुद्ध कराले. तुमच्यासाठी थोडीच होतं? टीव्हीसाठी होतं."

"तुमचा मोठा टीव्ही दुकानातून आला, त्याच्यावरही शिंपडलं होतं?"

ती उन्हातल्या सेलांकडे पाहू लागली.

"सांगा नं."

"नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आमच्या सासूच्या वेळेपासून चालत आलं हे. मी काय करू? मी तर तुमाले बोलावलं. मालक नाही म्हणत होते, तरी बोलावलं."

"टाके घालताना मालकाचं डोकं मी धरलं होतं, तेव्हा त्यांच्यावर घरी काय शिंपडलं?"

मी हे रागाने विचारलं होतं. उत्तर अपेक्षित नव्हतं. पण ती साधी बाई होती, तिने खरं सांगून टाकलं.

"दवाखान्याहून आले तर आंघोळ घातली होती. टाक्याइले पानी न लागू देता." आणि लगेच घाईने म्हणाली, "दवाखान्याची गोष्ट वेगळी असते नं बाई. तिथं तं सगळंच चालते."

 टाक्यांना पाणी लावू नका, ही सूचना मीच दिली होती. तेवढी मात्र त्यांनी पाळली होती.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं मी विचारलं नाही. ती म्हणाली, "आता बोलणार नाही का तुम्ही?" मी म्हटलं, "बोलीन नं. शेजार आहे." आणि सेल उचलून आत गेले.

आमचं बोलणं खरंच बंद झालं नाही. नळ आला का, दूधवाला येऊन गेला का, आज ऊन फार आहे, असं आम्ही बोलत राहिलो. तिने रेडिओ लावा म्हटलं नाही, मीही लावला नाही. हंगामात संत्री आली, ती मी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दारावर आलेल्या भंगारवालीला दिली. त्यांच्या घरात मोठ्या टीव्हीसाठी बॅटरी बसवली गेली, मग लाईन गेल्यावर कोणाची गरज पडेनाशी झाली.

मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्याला हे कळलं, बहिणीनेच सांगितलं. तो म्हणाला, "आई, घर विकून टाक, माझ्याकडे चल." मी त्याला विचारलं, तिकडे क्वार्टरात शेजारी कोण आहेत? त्याने दोन-चार आडनावं सांगितली. मी विचारलं, "त्यांच्या घरात जाते का तुझी बायको?" तो म्हणाला, तिला वेळ नसतो. मी पुढे विचारलं नाही आणि घरही विकलं नाही.

टीव्ही अजून खाटेच्या बाजूला आहे. चित्र खालून जरा दबलं आहे, माणसं ठेंगणी दिसतात. मिस्त्री म्हणाला, आत ओल गेली असेल. मी म्हटलं, असेल. दुरुस्त करून घेतला नाही. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागतो, कपाशीवर कोणती फवारणी करावी ते सांगतात. माझ्याकडे शेत नाही. तरी मी शेवटपर्यंत पाहते आणि मग जेवायला उठते.